बाळंतपणाच्या कार्डावरचा बीपी

आमच्याकडे बाईच्या छातीत दुखलं की आधी ओव्याचा डबा उघडतो. ओवा, काळं मीठ, वरून कोमट पाणी. त्यानं भागलं नाही तर दुकानातून सोड्याची पुडी येते. त्यानंही नाही भागलं तर सासू मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढते. एवढं होईतो बाईच्या भाकरी थापून झालेल्या असतात, बकऱ्या बांधून झालेल्या असतात. त्याच घरात नवऱ्याच्या छातीत दुखलं तर ओवा कुणाला आठवत नाही. शेजारच्या पोराची गाडी निघते आणि माणूस तासाभरात तालुक्याला पोचतो.

यात कुणाच्या मनात पाप असतं असं नाही. माझं अर्धं आयुष्य यवतमाळ जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत नर्स म्हणून गेलं. सुनेवर जीव टाकणाऱ्या सासवा मी पाहिल्यात, आणि त्यांनीही ओवाच दिला. अटॅक हा पुरुषाचा आजार, हे डोक्यात पक्कं बसलंय. दारू पिणारा, बिडी ओढणारा, कर्जाच्या विचारात रात्र काढणारा माणूस अटॅकनं जातो. बाईला पित्त होतं. बाईला अशक्तपणा असतो. बाईच्या अंगात रक्त कमी असतं. हे शेवटचं तर खरंच आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. त्यामुळे हापशीवरून गुंडी आणताना धाप लागली, पाय गळाले, तर लोहाच्या गोळ्यांवर विषय संपतो. हृदयाचं नाव कुणी काढत नाही. जगभरात बायांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार आहेत, कॅन्सर त्यांच्या मागे आहे, हे मी महिला मंडळाच्या बैठकीत सांगितलं की बाया एकमेकींकडे बघून हसतात. नर्सबाई काहीही सांगते, असं ते हसणं.

त्यांना तरी काय बोलावं? मोठमोठ्या देशांतल्या डॉक्टरांचंही फार वेगळं नव्हतं. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला, त्यात बाया होत्या हे त्यांचं मोठेपण. पण पुढे कितीतरी मोठे अभ्यास निव्वळ पुरुषांवर झाले. ॲस्पिरिननं हृदयाचा झटका टळतो का हे तपासायला १९८० च्या दशकात तिथे २२,०७१ डॉक्टर निवडले, आणि त्यात एकही बाई नव्हती. नंतर जवळजवळ ४० हजार बायांवर तसाच अभ्यास झाला. २००५ साली त्याचा निकाल आला तो असा, की धडधाकट बाईला ॲस्पिरिन दिल्यानं पक्षाघात थोडे कमी झाले, पण पहिला झटका काही टळला नाही. म्हणजे पुरुषावर तपासलेलं बाईला जसंच्या तसं लागू होतंच असं नाही. हे मला फार कामाचं वाटतं, कारण आमच्याकडे नवऱ्याच्या पाकिटातली ‘रक्त पातळ करायची’ गोळी बायको सर्रास घेते. ‘त्याईले चालते तं मले काहून नाही?’ बर्नाडिन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९९१ साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात स्पष्टच लिहिलं, की आपलं दुखणं पुरुषासारखंच आहे हे बाईनं सिद्ध केल्यावरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक होत्या. त्यांना हे लिहावं लागलं, तर आमच्या सासूबाईंवर किती रागवायचं.

मोबाइलवर अलीकडे एक मेसेज फिरतो, की बायांना अटॅक आला तर छातीत दुखतच नाही. हा मेसेज मला ओव्यापेक्षा घातक वाटतो. बायांनाही बहुतेक वेळा छातीत दुखतं, भरून येतं, दाबल्यासारखं होतं. फरक इतकाच की बाईच्या बाबतीत त्याच्या जोडीला बाकीचं पुष्कळ असतं, आणि ती सांगताना त्या बाकीच्यापासून सुरुवात करते. जबडा दुखतो, पाठीत दोन फऱ्यांच्या मध्ये भरून येतं, मळमळतं, घाम फुटतो, जीव घाबरा होतो, चार दिवसांपासून काम सुधरत नाही. नाल्याकाठच्या घरातली एक काकू माझ्याकडे दातावरची गोळी मागायला आली होती. तिच्या तोंडात त्या बाजूला दातच नव्हता. ‘मंग जबडा काहून दुखते व माय?’ असं तिनंच मला विचारलं. कपाळावर घाम होता आणि महिना डिसेंबरचा. ती वाचली, पण १०८ बोलावल्यावर गाडीत बसायला अर्धा तास खळखळ केली. का, तर वेचणीच्या बाया उद्यासाठी सांगून ठेवल्या होत्या.

पुढचं विघ्न ईसीजीचं. छाती उघडी करावी लागते, आणि तिथे तंत्रज्ञ पुरुष असतो. ब्लाऊज काढायचं म्हटलं की काही बाया उठून चालू लागतात. एका मोठ्या दवाखान्यात आमच्या गावच्या म्हातारीला लुगडं सोडायला लावलं, आडोसा नव्हता आणि वरून खेकसले. ती पुन्हा कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. एक पडदा आणि एक नर्स एवढ्यानं भागणारी गोष्ट होती.

आता तपासण्या गावात आल्यात. उपकेंद्राच्या भिंतीवर आयुष्मान आरोग्य मंदिर असं लिहिलंय, आणि ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासायची असते. त्याआधी आशाताई घरोघर जाऊन एक फॉर्म भरते, त्याला सगळे सीबॅक म्हणतात. वयाला गुण, रोजच्या तंबाखूला २ गुण, दारूला एक, आईबापाला किंवा भावंडाला बीपी, शुगर, हृदयाचा आजार असेल तर २. कंबरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की एक आणि ९० च्या वर गेला की २. एकूण बेरीज चारच्या वर गेली की तिला आधी बोलवायचं. सोपं आहे, आणि मला हा फॉर्म मनापासून आवडतो. गावातल्या धडधाकट बाईला ‘तुला काय होऊ शकतं’ असं सरकारनं पहिल्यांदाच विचारलं. तोपर्यंत आमच्या सगळ्या रजिस्टरांत बाई एकतर गरोदर असायची, नाहीतर बाळंतीण, नाहीतर ऑपरेशनची केस.

आमच्याकडच्या बायांचे आजार कसे पडद्याआड राहतात, ते गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दाखवून दिलं होतं. १९८९ साली त्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोन खेड्यांतल्या ६५० बायांपैकी ९२ टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. हृदयाचंही काहीसं तसंच आहे. फरक हा की हृदय न विचारता थांबतं.

तर कंबर मोजणं. कागदावर सोपं, प्रत्यक्षात तीच सगळ्यात अवघड जागा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, अंगाला लागून पट्टी धरायची. बाई लुगडं नेसलेली, निऱ्या खोचलेल्या, वर परकराची गाठ. घाईतली आशाताई लुगड्यावरूनच पट्टी फिरवते, मग बारीक बाईसुद्धा ९० भरते. नाहीतर अंदाजे ७८ लिहून मोकळी होते. बीपीचंही तेच. आमच्या बायांच्या ब्लाऊजच्या बाह्या तंग. बाही वर सरकवली की दंडाला फासासारखी आवळते आणि आकडा चुकतो. बाही काढ म्हटलं तर लाज. मी आता बायांचा बीपी आतल्या खोलीत घेते, दार लोटून, पाच मिनिटं बसवून. वावरातून धावत आलेल्या बाईचा बीपी पहिल्या मिनिटाला मोजून तिला रोगी ठरवणं मला पटत नाही.

पोटाचा घेर म्हणजे फक्त जाड बाई, असंही नाही. आमच्याकडच्या बाया हातापायानं काटक आणि पोटानं सुटलेल्या, अशा पुष्कळ आहेत. पोटाच्या आत साठणारी ही चरबी शुगर आणि बीपीला वाट करून देते. आणि शुगरचं बाईशी खास वैर आहे. पुरुषाला शुगर झाली की हृदयाचा धोका वाढतो, बाईला झाली की त्याहून जास्त पटीनं वाढतो. पाळी चालू असताना तिला पुरुषापेक्षा जे थोडं संरक्षण असतं, ते शुगर काढून घेते. तंबाखूचंही गणित असंच बाईवर जास्त भारी पडतं.

तंबाखू म्हटलं की आमच्याकडे खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटून घोटून तयार झालेला. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर घोटून मिळतोच. बाया खातात का? विचारलं तर गावात एकही बाई खात नाही. निंदणाच्या ओळीत बसून पाहा, पदराच्या टोकाची गाठ सुटते आणि पुडी या हातातून त्या हातात जाते. भूक मरते, ऊन कळत नाही, पाठ दुखत नाही, रोजी भरते. म्हणून मी आता ‘तंबाखू खाता का’ असं विचारतच नाही. ‘दात कशानं घासता?’ असं विचारते. मग तंबाखूचं मंजन निघतं, दिवसातून तीनदा लावलेलं, आणि त्याचा तिच्या लेखी व्यसनाशी काही संबंध नसतो. निकोटिन तोंडातून गेलं काय किंवा धुरातून, नाडी आणि बीपी वाढवतंच. धूर ओढणाऱ्याला त्याच्या बिडीचा धूर दिसतो तरी.

बाईला धूर मिळतो तो चुलीचा. सीबॅकमध्ये स्वयंपाकाचं इंधन विचारतात, ते श्वासाच्या आजारासाठी. पण त्या धुरातले बारीक कण फुप्फुसात थांबत नाहीत, त्यांचा मार रक्तवाहिन्यांवरही बसतो. आमच्याकडे गॅस घरोघर आलाय. उज्ज्वला योजना २०१६ सालची, शेगड्या ओट्यावर आहेत, काहींवर तर पोथी ठेवलेली. चहा गॅसवर होतो. भाकरी, आंघोळीचं पाणी, ढोरांची आंबोण चुलीवर. उन्हाळ्यात वावर साफ केलं की पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट मिळतात, त्यांची गंजी घरामागे रचलेली असताना सिलिंडरला कोण पैसे देईल? फॉर्मवर मात्र ‘गॅस’ अशी खूण होते. खोटं कुणी बोललेलं नसतं.

खाण्यापिण्याचं फार लांबवत नाही, सगळे तेच सांगतात. एवढंच की दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आमच्याकडच्या बाईच्या ताटात सकाळीच संपते. भाजी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात जाते. शेवटी बसलेल्या बाईला उरते भाकर, ठेचा, लोणचं आणि रश्श्याचं तळ. जवसाची चटणी पूर्वी घरोघर होती, ती तेवढी पुन्हा यावी असं मला वाटतं. जवसाचं तेल हृदयाला चांगलं, आणि पीक आपलंच.

व्यायामाचं मात्र नवीन झालंय. वावरातली बाई आणि व्यायाम सांगायचा, याची मलाच लाज वाटायची. पण तणनाशक आलं आणि बायांचं निंदणाचं काम कितीतरी कमी झालं. सोयाबीन मळायला मशीन आहे. कापूस वेचणी तेवढी हाताची उरली, तीही दोन-चार महिन्यांची. बाकीच्या दिवसांत चाळिशीची बाई घरी बसते, रोजी बुडते, पोट सुटतं, आणि गटाचा हप्ता दर आठवड्याला असतोच. कर्ज नवऱ्यासाठी काढलेलं असलं तरी सही बाईची असते आणि वसुलीला माणूस येतो तोही तिच्याच दारात. २००४ साली ५२ देशांतला एक मोठा अभ्यास आला होता, भारतही त्यात होता. पहिल्या झटक्यामागे काय काय असतं ते त्यांनी शोधलं. बायांमधला ९४ टक्के धोका नऊ गोष्टींतच निघाला, आणि बीपी, शुगर, तंबाखू, कोलेस्टेरॉल, पोट यांच्याच रांगेत मनाचा ताणही होता. ताण हे लाड नाहीत, एवढं त्यानं सिद्ध झालं. त्याच अभ्यासात दिसलं की बायांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी ९ वर्षं उशिरा येतो. म्हणून बाई जाते तेव्हा ती बहुधा आजी झालेली असते, आणि गाव म्हणतं, वय झालं होतं.

आता मला ज्याच्यासाठी हे लिहायचं होतं त्याच्याकडे येते.

गरोदर बाईचं एक कार्ड असतं, माता-बाल संरक्षण कार्ड. त्याच्यावर दर भेटीला वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रथिन. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर, ती १४० किंवा वर निघाली तर गरोदरपणातला मधुमेह. हे सगळं आम्ही जीव तोडून करतो. पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० च्या वर गेला, लघवीत प्रथिन आलं, पायावर-तोंडावर सूज आली की धावपळ सुरू होते, गाडी, रेफर, फिट येऊ नये म्हणून इंजेक्शन. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले की आम्ही देवाचे आभार मानतो. बीपी दोन-तीन महिन्यांत उतरतो. कार्डाचा पुढचा भाग बाळाच्या लसींचा. लसी संपल्या की कार्ड लोखंडी पेटीत जातं, नाहीतर पोरांनी त्याची नाव केलेली असते.

आणि त्या कार्डावर तिच्या हृदयाची पुढच्या वीस-तीस वर्षांची खबर लिहिलेली असते.

नवा बैल घेताना शेतकरी त्याला भरल्या बंडीला जुंपून पाहतो. मोकळा उभा असताना सगळेच बैल चांगले दिसतात. गरोदरपण ही तशीच भरली बंडी आहे. बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, हृदयाला तेवढं जास्त ओढावं लागतं. ज्या बाईच्या रक्तवाहिन्यांत, साखरेच्या व्यवस्थेत कुठे कच्चं आहे, ते पंचविशीतच उघडं पडतं. बंडी रिकामी झाली की पुन्हा सगळं ठीक दिसतं, पण कच्चं होतं ते होतंच. ज्या बायांना गरोदरपणी बीपी वाढून लघवीत प्रथिन गेलं, त्यांना पुढे हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, आणि हृदय थकून निकामी होण्याचा त्याहूनही जास्त, चौपटीच्या घरात. ज्यांना गरोदरपणी शुगर झाली त्यांना पुढे कायमची शुगर होण्याचा धोका जवळजवळ दहापट. दिवस भरायच्या आत बाळंत होणाऱ्या बायांचंही हृदयाच्या बाबतीत जपायला लागतं. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०११ साली गरोदरपणातला बीपी आणि शुगर या गोष्टी हृदयविकाराच्या धोक्यांत धरल्या. आमच्या सीबॅकच्या बेरजेत त्यांना एकही गुण नाही.

विचार करा. बत्तीस वर्षांची बाई. तंबाखू नाही, दारू नाही, कंबर ७६, आईबाप ठणठणीत. बेरीज जवळजवळ शून्य. फॉर्मच्या लेखी तिच्याइतकं सुरक्षित गावात कुणी नाही. आणि दोन्ही बाळंतपणांत तिचा बीपी १६० च्या वर गेलेला, दुसऱ्या वेळेला सातव्या महिन्यात सीझर. हे मला माहीत आहे, कारण तेव्हा गाडीत मी तिच्यासोबत होते. बदली होऊन नवी नर्स आली असती तर? आशाताई नवी असती तर? ती स्वतः सांगेल म्हणावं, तर तिला ते आजार म्हणून आठवतच नाही. ‘पोराच्या वक्ताले बीपी झाला होता, मंग बरा झाला.’ नऊ महिने दर भेटीला तिचं हृदय ऐकणारी, मोजणारी ही एवढी मोठी यंत्रणा बाळ झालं की तिच्याकडे पाठ फिरवते. पुन्हा तिचा बीपी मोजला जातो तो तिशी ओलांडल्यावर, कोऱ्या फॉर्मवर, जणू ती आजच जन्माला आली.

यातच आणखी दोन गोष्टी घालायला हव्यात. एक, पिशवी. अंगावरून जास्त जातं, पांढरं जातं, पोटात दुखतं, की ‘काढून टाका, कॅन्सर होईल’ असं सांगणारे पुष्कळ. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा प्रश्न गाजला, तेव्हा आमच्याकडेही बायांनी दबक्या आवाजात आपापली ऑपरेशनं मोजली. पिशवी काढली की बाईची पाळी पस्तिशीतच संपते, आणि सोबत बीजांडंही काढली असतील, तर त्यांतून मिळणाऱ्या संप्रेरकांचं संरक्षणही त्याच दिवशी संपतं. पाळी वेळेआधी, पंचेचाळिशीच्या आत गेलेल्या बाईला हृदयविकाराचा धोका जास्त. बहुतेकींना आपलं नेमकं काय काढलं हेच ठाऊक नसतं. डिस्चार्जचा कागद मिळाला तर मी तो दोनदा वाचते.

दुसरी, लहानपणचा घसा. पोरीला घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात, बरं होतं, आणि कळत नकळत हृदयाची झडप खराब होते. गरिबीचा, दाटीनं राहणाऱ्यांचा हा आजार आहे आणि बायांमध्ये जास्त दिसतो. तोही पुष्कळदा पहिल्या गरोदरपणातच उघड होतो. सहाव्या-सातव्या महिन्यात नवी सून आडवी झोपू शकत नाही, उशीला टेकून बसून रात्र काढते, आणि घरचे म्हणतात, पहिलटकरीण आहे, नखरे करते. वेळेत कळलं तर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घेऊन झडप आणखी बिघडणं रोखता येतं. ते इंजेक्शन दुखतं फार, आणि सासरी त्याची गरज पटवणं त्याहून जड जातं.

अशा बायांना आम्ही सेवाग्रामला पाठवतो. तिथल्या दवाखान्याला कस्तुरबांचं नाव आहे. बा आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होत्या, जानेवारी १९४४ मध्ये त्यांना हृदयाचे झटके आले, आणि २२ फेब्रुवारीला, ७४ व्या वर्षी त्या गेल्या. त्या वेळी त्यांच्याजवळ असलेल्या डॉ. सुशीला नायर यांनीच पुढे हा दवाखाना उभा केला, १९६९ साली मेडिकल कॉलेजही. मी रेफरची चिठ्ठी लिहिताना नातेवाइकांना हे हटकून सांगते. ज्या दवाखान्याच्या पाटीवर झटके सोसलेल्या बाईचं नाव आहे, तिथे नेतानाही ‘बाईले कुठी अटॅक येते का?’ असं विचारणारे भेटतात.

माझ्या पातळीवर करता येण्यासारखं फारसं काही नाही, पण अगदीच नाही असंही नाही. तपासणीच्या नोंदी भरायच्या ॲपमध्ये ‘गरोदरपणी बीपी होता का’ याला जागा नाही. वरच्या बैठकीत मी विचारलं, तर साहेब म्हणाले, कॉलम वरून येतो. मग आशाताईंना मी त्यांच्या स्वतःच्या डायरीत लिहायला लावलं. जुनी कार्डं, गरोदरपणातल्या तपासण्यांची जुनी रजिस्टरं, आणि ते नसेल तर बाईला नीट विचारून. बीपी विचारायचा नाही, ‘बाळंतपणात गाडीनं कुठे पाठवलं होतं का, पायावर सूज होती का, दिवसांच्या आधी झाली का, गोड पाणी पाजून रक्त तपासलं त्याचं काय निघालं’ असं विचारायचं. ज्यांचं ‘हो’ येतं त्यांच्या नावापुढे लाल पेनानं ठिपका. त्यांचा बीपी तिशीची वाट न पाहता वर्षातून दोनदा, शुगर वर्षातून एकदा. वाढलेलं निघालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांपुढे, आणि तिथे जुनं कार्ड सोबत.

पहिल्याच खेपेला त्या बत्तीस वर्षांच्या बाईचा १५०/९६ निघाला. तिला काही म्हणजे काही होत नव्हतं. आता गोळी चालू आहे, अधूनमधून बंद करते, मी ओरडले की पुन्हा सुरू करते.

लाल ठिपक्याची बातमी गावात फुटायला वेळ लागला नाही. मागच्या तपासणीच्या दिवशी तिची जाऊ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. धट्टीकट्टी, तीन बाळंतपणं घरातल्या घरात झाल्यासारखी सुखाची, वीस किलोचा कट्टा डोक्यावर नेणारी.

‘तिचा बीपी वर्षातून दोनदा, न् माहा एकदाच? काहून व नर्सबाई?’

मी तिला समजावलं. तिला ते पटलं नाही.

‘मंग माह्याही नावापुढं लाल लाव ना. शाई का विकत आनून रायली तू?’

तिलाही तेव्हाच खुर्चीवर बसवलं आणि बाही सैल करायला सांगितली.